सही करणारी सिस्टर, शिकवणारी सिस्टर

संपादक महोदय,

१२ मे, म्हणजे जागतिक परिचारिका दिन, जवळ आला की वृत्तपत्रांतून परिचारिकांच्या रिक्त पदांवर आणि नव्या महाविद्यालयांवर मजकूर येतो. तो यायलाच हवा. पण वॉर्डात पोस्टिंगला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावाला, आलेल्या नर्सिंगच्या स्टुडंटला प्रत्यक्ष काम कोण शिकवते, आणि शिकवणाऱ्या त्या सिस्टरला शिकवणे कोण शिकवते, हा प्रश्न त्यात सहसा नसतो. या पत्राखाली सही करणाऱ्यांपैकी काही जणी परिसेविका (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर) आहेत, काही पाठ्यनिर्देशिका (नर्सिंगच्या शाळा-महाविद्यालयात शिकवणाऱ्या). म्हणजे एक जण खाटेच्या या बाजूला उभी असते, दुसरी त्या बाजूला, आणि स्टुडंट मधल्या फटीत सापडते.

राज्याच्या सेवेत या दोन शिड्या वेगळ्या आहेत. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका, अधिसेविका (मेट्रन) ही वॉर्डाची शिडी. पाठ्यनिर्देशिकेची शिडी शाळा-महाविद्यालयाची. स्टुडंट वर्गात पाठ्यनिर्देशिकेची असते आणि वॉर्डात कुणाचीच नसते. पाठ्यनिर्देशिका सकाळी हजेरी घेऊन दुसऱ्या वॉर्डातल्या तुकडीकडे जाते. वॉर्डातली सिस्टर मनाशी म्हणते, ‘शिकवायला यांच्या मॅडम आहेत.’ मग मुलीच्या हाती बीपीचे यंत्र येते आणि पोस्टिंग संपेपर्यंत तेच राहते. ‘स्टुडंट आल्या, आता टीपीआरची (ताप, नाडी, श्वास मोजण्याची) काळजी मिटली’ हे वाक्य कुठल्याही सरकारी वॉर्डात ऐकायला मिळेल.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सत्र पद्धतीचा आणि क्षमतेवर आधारित केला. वॉर्डातल्या कामाचे एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला ४ तास, २० आठवड्यांच्या सत्रात ८० तास. कागदावर हे उत्तम आहे. पण ते ८० तास ज्या सिस्टरच्या सोबत जायचे, तिला या कामासाठी कुणी तयार केले आहे का? दहा-पंधरा वर्षे उत्तम काम केलेली सिस्टर आपोआप उत्तम शिकवेल, असे गृहीत धरलेले असते. आमचे म्हणणे नेमके याच ठिकाणी आहे: शिकवणे ही वेगळी कला आहे, ती शिकता येते, पण त्यासाठी वेळ आणि सराव लागतो. नुसत्या ज्येष्ठतेने ती येत नाही. उलट अनुभव जितका जास्त, तितके शिकवणे काही बाबतींत कठीण होते.

हे उलटे वाटेल, म्हणून सलाईनसाठी सुई लावण्याचे उदाहरण घेऊ. अनुभवी सिस्टरला ते एका मिनिटाचे काम आहे. कसे केले असे विचारले तर ती म्हणेल, ‘व्हेन (शीर) बघायची, सुई घालायची, रक्त आले की सरकवायची.’ नवी मुलगी तेच करते आणि दहा मिनिटांत हात सुजतो. कारण सिस्टरच्या बोलण्यात न आलेली एक गोष्ट तिचा हात सवयीने करतो. आतल्या सुईचे टोक प्लॅस्टिकच्या नळीच्या थोडे पुढे असते. मागच्या कप्प्यात रक्त दिसले याचा अर्थ सुईचे टोक शिरेत पोहोचले एवढाच. नळी अजून बाहेरच असू शकते. म्हणून रक्त दिसताच सुईचा कोन कमी करायचा, सुई-नळी दोन्ही मिळून आणखी दोन-तीन मिलिमीटर आत न्यायची आणि मगच सुई स्थिर धरून नळी पुढे सरकवायची. नवी मुलगी रक्त दिसल्याच्या आनंदात सुई लगेच मागे ओढते. नळी शिरेबाहेर राहते, सलाईन मांसात जाते. मग घाबरून ती सुई पुन्हा नळीत घालू पाहते, आणि ते तर मुळीच करायचे नसते, कारण नळीचा तुकडा कापला जाऊन शिरेत जाऊ शकतो.

आपला हात काय करतो हे शब्दांत पकडणे, ही शिकवणाऱ्या सिस्टरची पहिली तयारी. त्यासाठी एक साधा सराव आहे. रोजचे एखादे काम कागदावर पायरी-पायरीने लिहून काढायचे आणि तो कागद दुसऱ्या सिस्टरच्या हाती द्यायचा. तिने डोके न चालवता, अक्षरशः लिहिले आहे तेवढेच, सराव-पुतळ्यावर करायचे. पहिल्या खेपेला कागदावर आठ-नऊ ओळी असतात आणि काम मध्येच अडते. टूर्निकेट (हाताला बांधलेला पट्टा) कधी सोडायचे ते लिहिलेलेच नसते. कातडी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खाली ताणून धरायची, हे लिहायचे राहिलेले असते. दोन-तीनदा सुधारल्यावर तीच यादी पंचवीस ओळींवर जाते. त्या वाढलेल्या ओळी म्हणजेच शिकवण्याचा ऐवज.

त्यानंतर दाखवायचे कसे, हा प्रश्न येतो. पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत जगभर वैद्यकीय शिक्षणात वापरली जाते. आधी नेहमीच्या वेगाने, न बोलता करून दाखवायचे. मग सावकाश, प्रत्येक पायरीचे कारण सांगत. तिसऱ्या पायरीला स्टुडंटने सांगायचे आणि सिस्टरने तिच्या सांगण्याप्रमाणे करायचे. चौथ्या पायरीला स्टुडंटने स्वतः सांगत करायचे. आपल्याकडे पहिली आणि चौथी होते, फार तर दुसरी. तिसरी गाळली जाते, आणि खरी किंमत तिचीच आहे. मुलीच्या डोक्यात काय चुकीचे बसले आहे ते तिथेच कळते, आणि तेही रुग्णाला काही होण्याआधी. ‘आता केसीएलचा (पोटॅशियम क्लोराइडचा) अँप्युल सिरिंजमध्ये घेऊन थेट शिरेत द्यायचा’ असे ती म्हणाली की सिस्टरचा हात थांबतो. १० मिलिलिटरच्या त्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. न पातळवता शिरेत दिले तर हृदय थांबू शकते. ही चूक तोंडातून बाहेर पडणे हजार पटींनी बरे.

इन्सुलिनचेही तसेच. आपल्या वॉर्डांत ४० युनिट आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही ताकदींचे इन्सुलिन येते. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० चे इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत घेतले, तर रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट जातात. ‘बाटली आणि सिरिंज जुळवून बघ’ एवढे सांगणारी सिस्टर फक्त सूचना देते. दोन्ही सिरिंज ट्रेमध्ये ठेवून ‘यातली कुठली घेशील आणि दुसरी घेतली तर काय होईल?’ असे विचारणारी शिकवते, आणि यात दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात नाही.

प्रश्न विचारणे हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट आहे. राऊंडला आपण विचारतो, ‘हिमोग्लोबिन नॉर्मल किती?’ मुलगी पाठ केलेले म्हणते आणि दोघींनाही शिकल्यासारखे वाटते. त्यापेक्षा समोरचा चार्ट हातात द्यावा. पोटाची शस्त्रक्रिया होऊन चार तास झालेला, ६० किलो वजनाचा रुग्ण. नाडी ८८ वरून ११२, रक्तदाब १०० वर ७०, गेल्या तासाची लघवी २० मिलिलिटर. स्टुडंटने सगळे आकडे नीट लिहिले आहेत आणि कुणालाच सांगितलेले नाही. आता तिला विचारायचे: ‘तुला काय वाटते, काय चालले आहे?’ आणि लगेच पुढे, ‘कशावरून?’ किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर म्हणजे ३० मिलिलिटर लघवी हवी, हे ती बोलता बोलता जोडते. नाडी वाढते आहे, लघवी घटते आहे, रक्तदाब अजून तग धरून आहे. म्हणजे आत कुठे रक्तस्राव होतो आहे का, ड्रेनच्या (पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीत किती आले, ड्रेसिंग भिजले का, हे बघायला हवे. ते तिच्याच तोंडून आले पाहिजे. मग आपण एकच सूत्र सांगायचे, तिचे काय बरोबर होते ते सांगायचे, काय चुकले ते सांगायचे. डॉक्टरांना फोन तिलाच करू द्यावा, आपण शेजारी उभे राहून: कोण रुग्ण, आधी काय होते, आता काय दिसते, काय हवे. या क्रमाने बोलण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागते. नंतर लागणे फार जड जाते.

इथे एक कबुली द्यायला हवी. गप्प बसणे आम्हा सिस्टरांना सर्वांत अवघड जाते. प्रश्न विचारला की दोन सेकंदांत आपणच उत्तर देऊन टाकतो. मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे, हा उपाय हास्यास्पद वाटतो पण चालतो.

चूक सुधारण्याच्या पद्धतीवर बोलायचे तर आपली परंपरा दोनच प्रकारची आहे: रुग्णासमोर ओरडणे किंवा ‘छान, छान’ म्हणून सोडून देणे. दोन्हींतून मुलगी काही शिकत नाही. रुग्णासमोर ओरडा खाल्लेली मुलगी पुढची चूक लपवते, आणि लपवलेली चूक वॉर्डात सर्वांत धोकादायक. सांगताना जे डोळ्यांनी दिसले ते सांगावे, त्याने काय होऊ शकते ते सांगावे, आणि पुढच्या वेळी नेमके काय करायचे ते तिच्याकडून वदवून घ्यावे. ‘तू निष्काळजी आहेस’ हे मत झाले. ‘इंजेक्शन दिल्यावर सुई तू ट्रेमध्ये ठेवलीस, हब कटरपर्यंत (सुई कापण्याच्या यंत्रापर्यंत) नेली नाहीस, ट्रे आवरणाऱ्या मावशींच्या बोटात ती जाईल’ हे निरीक्षण झाले. ते एकांतात, औषधांच्या खोलीत, त्याच पाळीत सांगितले पाहिजे. आठवड्याने सांगितलेल्याचा उपयोग नाही. तोवर ती कुठला ट्रे ते विसरलेली असते.

प्रक्रिया चालू असतानाच चूक घडू लागली तर? त्यासाठी खाटेजवळ जाण्याआधीच दोघींनी एक वाक्य ठरवून घ्यावे. ‘जरा थांब, मी धरते’ असे सिस्टर म्हणाली की स्टुडंटने हात जिथे आहे तिथे थांबवायचा, कारण विचारायचे नाही. रुग्ण घाबरत नाही, मुलीची लाज राहते, आणि सिस्टरला सूत्रे हाती घेता येतात. रुग्णालाही आधीच सांगावे की ही विद्यार्थिनी आहे, मी सोबत आहे, चालेल ना? नाही म्हणाला तर नाही. गरीब माणूस सरकारी दवाखान्यात आला म्हणून त्याचा हात सरावाला मोकळा, असा अर्थ होत नाही. दोन प्रयत्नांत शीर सापडली नाही तर सुई सिस्टरने हाती घ्यायची, हाही नियम आधीच ठरलेला असावा.

स्टुडंटला किती मोकळीक द्यायची याचे मोजमाप आपल्याकडे नाही. एक टोक म्हणजे तिला हातही लावू न देणे, दुसरे म्हणजे नाईटला तिच्यावर अर्धा वॉर्ड टाकणे. मधल्या पायऱ्या सोप्या आहेत: ती फक्त बघते; ती करते आणि मी हाताच्या अंतरावर; ती करते आणि मी वॉर्डात, हाक मारता येईल अशी; ती करून नंतर मला सांगते. प्रत्येक कामासाठी पायरी वेगळी असते. तिसऱ्या वर्षाची मुलगी ड्रेसिंगमध्ये शेवटच्या पायरीवर असेल आणि रक्त चढवण्यात अजून पहिल्याच. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी वीस मिनिटे बसून हे विचारून घेणारी सिस्टर पुढचे चार आठवडे स्वतःचा वेळ वाचवते.

आता सर्वांत नाजूक भाग. कच्च्या स्टुडंटला कच्ची म्हणणे. श्वासाची गती न मोजता सगळ्या खाटांवर ‘२०’ लिहिणारी मुलगी प्रत्येक तुकडीत असते. (सलग बारा रुग्णांची गती २० असेल तर चार्ट खोटा आहे, हे समजायला पदवी लागत नाही.) तरी तिच्या लॉगबुकावर (केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सही होते. का होते, याची कारणे आम्हाला ठाऊक आहेत. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी सगळ्या वह्या गठ्ठ्याने समोर येतात. आधी काही लिहून ठेवलेले नसते, म्हणून आता बोलायला पुरावा नसतो. मुलीच्या वडिलांनी शेत गहाण टाकून फी भरली आहे, हे माहीत असते. आणि ‘मी फेल केले तर मीच नीट शिकवले नाही असे होईल’ हे मनात असते.

हे केवळ आपल्याकडचे नाही. स्कॉटलंडमध्ये कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये याच विषयावर अभ्यास मांडला: वॉर्डातले मेंटर संशय असूनही विद्यार्थ्यांना पुढे ढकलतात, कारण त्रुटी उशिरा लक्षात येते, नोंद नसते आणि नाते आड येते. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेने पुढे २०१८ मध्ये मेंटर ही भूमिकाच दोन भागांत वाटली. रोज सोबत राहून शिकवणारी पर्यवेक्षक वेगळी आणि अंतिम निर्णय देणारी मूल्यमापक वेगळी. तिथे नोकरीला गेलेल्या आपल्या मुलींना हे चांगले ठाऊक असते. त्यांना तिथे दुसऱ्यांच्या विद्यार्थिनी सोपवल्या जातात आणि त्याआधी रीतसर तयार केले जाते. ती व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. पण जिने रोज हात धरून शिकवले तिच्याकडूनच कठोर निकालाची अपेक्षा धरू नये, हा विचार पटण्यासारखा आहे. आपल्याकडे तर दोन शिड्या आधीच आहेत! वॉर्डातली सिस्टर पर्यवेक्षक, पाठ्यनिर्देशिका मूल्यमापक, आणि दोघींमध्ये तारखेनिशी नोंदींची एक वही. नवे पद निर्माण न करता हे करता येईल.

पोस्टिंगच्या मध्यावर एक लेखी बोलणे मात्र व्हायलाच हवे. चार आठवड्यांची पोस्टिंग असेल तर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सिस्टर, स्टुडंट आणि पाठ्यनिर्देशिका तिघींनी दहा मिनिटे बसावे. काय जमते, काय जमत नाही, उरलेल्या दिवसांत कुठली तीन कामे सुधारायची, हे लिहून तिघींनी सही करावी. शेवटच्या दिवशीचा नकार मुलीला अन्याय वाटतो, आणि मध्यावर काही सांगितले नसेल तर तो अन्यायच आहे.

‘या सगळ्याला वेळ कुठे आहे?’ हा प्रश्न खरा आहे. चाळीस खाटांच्या वॉर्डात पाळीला दोन सिस्टर आणि तीन महाविद्यालयांच्या मिळून पंधरा स्टुडंट, अशा ठिकाणी कुणी काय शिकवणार? म्हणून मागणी करताना आम्ही गोड बोलणार नाही. शिकवणारी म्हणून नेमलेल्या सिस्टरकडे एका पाळीत दोनपेक्षा जास्त स्टुडंट नकोत, त्या पाळीत तिच्याकडे रुग्ण कमी हवेत, आणि ड्युटी लिस्टमध्ये तिच्या नावापुढे तशी खूण हवी. स्टुडंटची पाळी तिच्या पाळीशी जुळवलेली हवी. आज सिस्टर नाईट ऑफला जाते आणि मुलगी तिसऱ्याच कुणाच्या हाती पडते. रोज नवा चेहरा, रोज पहिल्यापासून सुरुवात.

प्रशिक्षणाबद्दल. सभागृहात शंभर जणींना बसवून पडद्यावर स्लाइड दाखवायच्या आणि प्रमाणपत्र वाटायचे, याला आमचा विरोध आहे. पोहणे काठावर बसून येत नाही. आम्ही सुचवतो ते असे: स्किल लॅबमध्ये तीन दिवस, एका गटात दहा-बारा सिस्टर. पहिल्या दिवशी वर सांगितलेला यादी लिहिण्याचा सराव आणि करून दाखवण्याच्या चार पायऱ्या. दुसऱ्या दिवशी प्रश्न आणि अभिप्राय, एकीने स्टुडंट व्हायचे, एकीने सिस्टर, तिसरीने बघून लिहायचे. तिसऱ्या दिवशी मूल्यमापन आणि अवघड संभाषण: कच्च्या मुलीला, रडणाऱ्या मुलीला, उर्मट ब्रदरला कसे सांगायचे. त्यानंतर खरी गोष्ट सुरू होते. पुढच्या तीन महिन्यांत अनुभवी मार्गदर्शिकेने दोनदा वॉर्डात येऊन प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरला शिकवताना बघावे, मध्ये बोलू नये, आणि नंतर तिलाच विचारावे, ‘तुला काय वाटले?’ स्वतःवर हा प्रयोग झाला की अभिप्राय ऐकताना छाती कशी धडधडते ते सिस्टरला कळते, आणि तिचा स्टुडंटशी बोलण्याचा सूर आपोआप बदलतो.

स्टुडंटच्या सुरक्षिततेचा मुद्दाही शिकवणाऱ्या सिस्टरच्या तयारीत येतो. मुलीचे हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस, म्हणजे ०, १ आणि ६ महिने, पूर्ण झाले आहेत का, हे पहिल्या दिवशी विचारायचे. सुई टोचली तर जखम दाबून पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच सांगायचे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ओरड्याच्या भीतीने रात्रभर गप्प बसलेली मुलगी हा वेळ हरवते. वर चूक लपवण्याबद्दल लिहिले ते याचसाठी.

राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याने १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घ्यायची आहे. नवे नियम लिहिले जातील तेव्हा खाटा किती, खोल्या किती, ग्रंथालयात पुस्तके किती, हे पुन्हा लिहिले जाईल. वॉर्डात शिकवणाऱ्या सिस्टरची तयारी, तिचा वेळ आणि तिला मिळणारा भत्ता हेही त्यात आले पाहिजे. भत्ता हा शब्द उच्चारायला आम्ही लाजत नाही.

तोवर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेला एक फुकटातली गोष्ट करता येईल. लॉगबुकात आज एका ओळीला एक सही असते. त्या ओळीत आणखी तीन रकाने छापा: काम केल्याची तारीख, पाळी, आणि त्या दिवशी स्टुडंट मोकळिकीच्या कुठल्या पायरीवर होती. गठ्ठ्याने सह्या करताना हात तिथेच अडखळेल.

आपल्या,
राज्यातील काही परिसेविका व पाठ्यनिर्देशिका